नाशिकमध्ये नवा फुटबॉल क्लब काढताय? संघ बांधायला कॅलेंडरपासून सुरुवात करा

नवा क्लब काढणारी मंडळी बहुधा पहिल्याच आठवड्यात ट्रायल जाहीर करतात. शंभरेक पोरं येतात, त्यातली डोळ्यांत भरणारी चौदा-पंधरा निवडली जातात, जर्सी छापून येते आणि फेब्रुवारीतल्या सामन्याला मैदानात नऊच जण उतरतात. दोघांची बारावीची परीक्षा, दोघांची अंबडच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट, एकाचा घोटा सुजलेला, एक मावसभावाच्या लग्नाला गावी. नियमाप्रमाणे एका बाजूला किमान ७ खेळाडू असले की सामना सुरू करता येतो. पण नऊ जणांनी सहा गोल खाण्यासाठी कोणी क्लब काढत नाही.

हौशी संघ खेळाच्या दर्जापेक्षा हजेरीमुळे जास्त मोडतात. म्हणून खेळाडूंची यादी करण्याआधी एका मोठ्या कागदावर बारा महिने लिहून काढा.

बारा महिन्यांचा कागद

जून ते सप्टेंबर पाऊस. मैदान मुरुमाचं असेल तर सर थांबल्यावर थोड्या वेळात खेळता येतं. काळ्या मातीचं असेल तर दोन-तीन दिवस विसरा. हट्टाने खेळलात तर बुटाच्या तळाचा स्टड चिखलात रुततो, शरीर वळतं, पाय वळत नाही आणि गुडघा जातो. याच काळात सुब्रतो कप या आंतरशालेय स्पर्धेच्या फेऱ्या सुरू होतात, म्हणजे तुमची १७ वर्षांखालची मुलं तेव्हा आधी शाळेची असतात. इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडची मुलं असतील तर जुलैत भाताची आवणी असते. ती मुलं त्या दिवसांत येणार नाहीत, त्यांच्यावर रागावूही नका.

ऑक्टोबरचा मध्य ते जानेवारी हा नाशिकचा खरा फुटबॉलचा हंगाम. हवा थंड, जमीन घट्ट. पण दिवाळीचे दहा दिवस वजा करा. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची अनेक कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. पोरगा कधी त्यांच्याबरोबर जातो, कधी धाकट्या भावंडांपाशी घरी राहतो. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांची काढणी, तेव्हा बागायतदारांची मुलंही घरी लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी आणि दहावी. एप्रिल-मेमध्ये साडेपाचच्या आधी सराव लावण्यात अर्थ नाही, आणि निम्मी मुलं गावी गेलेली असतात.

२०२७ च्या सिंहस्थाचं वर्षही लक्षात ठेवा. शहरातल्या मोकळ्या जागा पार्किंगला आणि बंदोबस्ताला लागू शकतात, रस्त्यांवरची गर्दी वेगळीच. त्या काळासाठी नाशिकरोड किंवा देवळालीकडे दुसरं मैदान आधीच बोलून ठेवा.

कागद भरला की प्रत्येक महिन्यासमोर लिहा: या महिन्यात कोणत्या प्रकारचा खेळाडू मिळणार नाही? विद्यार्थी, कामगार, शेतकऱ्याचा मुलगा, वसतिगृहातला मुलगा. एकाच प्रकारचे वीस जण घेतलेत तर एकाच महिन्यात सगळा संघ रिकामा होतो. सगळे एकाच कॉलेजचे असले तर गंमत येते, मैत्री असते, पण परीक्षेच्या वेळापत्रकापुढे ती मैत्री काही करू शकत नाही.

किती जण घ्यायचे

वरिष्ठ संघासाठी २४. यापेक्षा कमी घेऊ नका, आणि पहिल्या वर्षी २६ च्या वर जाऊ नका.

हिशोब असा. २४ पैकी कोणत्याही आठवड्यात २-३ जखमी, २-३ परीक्षा किंवा शिफ्टमुळे गैरहजर, एखादा निलंबित, एखादा घरगुती कारणाने बाहेर. उरले १६-१८. त्यात ११ मैदानात आणि ५ बाकावर. वीसच घेतलेत तर वाईट आठवड्यात बाकावर एक-दोघेच उरतात आणि सत्तराव्या मिनिटाला थकलेला बचावपटू बदलता येत नाही. तीस घेतलेत तर चांगल्या आठवड्यात बारा-तेरा जणांना सामना मिळत नाही. ते दोन महिने धीर धरतात आणि मग एकदम सहा जण दुसऱ्या क्लबात जातात. बदली खेळाडू किती चालतात हे स्पर्धेनुसार बदलतं. स्थानिक स्पर्धेची नियमपुस्तिका हातात येईपर्यंत पाच धरून चालू नका.

जागांची वाटणी: ३ गोलकीपर, ८ बचावपटू (त्यात ४ सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मध्यभागचे), ८ मधल्या फळीतले, ५ पुढचे. पुढचे पाच ऐकून लोक चकित होतात, कारण ट्रायलला आलेला प्रत्येक दुसरा मुलगा स्वतःला स्ट्रायकर म्हणवतो. म्हणू द्या. त्यांच्यातलेच दोन-तीन चांगले फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, निघतात.

आधी कणा

संघ मधून बांधायचा असतो: गोलकीपर, दोन सेंटर बॅक, एक बचावात्मक मिडफिल्डर, एक स्ट्रायकर. या पाच जागांवर तुमचे सगळ्यात भरवशाचे खेळाडू हवेत, आणि भरवशाचा म्हणजे दहापैकी नऊ सरावांना येणारा. विंगरचा, म्हणजे कडेने आक्रमण करणाऱ्याचा, दिवस खराब गेला तर आक्रमण मंदावतं. सेंटर बॅकचा दिवस खराब गेला तर गोल होतो.

बेंगळुरू एफसी हा क्लब २०१३ मध्ये निघाला तेव्हा त्यांनी हेच केलं. बचावाच्या मध्यभागी जॉन जॉन्सन आणि कर्टिस ओसानो, पुढे सुनील छेत्री आणि शॉन रूनी, बाकी संघात तरुणांना जागा. पहिल्याच मोसमात, २०१३-१४ ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, त्यांनी जिंकली. त्यांच्याकडे पैसा होता, हे खरं. म्हणून मिझोरामच्या आयझॉल एफसीचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. २०१६-१७ मध्ये खालिद जमील यांच्या प्रशिक्षणाखाली, स्थानिक मिझो खेळाडूंच्या भरण्यावर आणि मोजक्या बाहेरच्या माणसांवर त्यांनी तीच आय-लीग जिंकली, तीही आदल्या मोसमात पदावनतीच्या जागेवर घसरल्यानंतर. बाहेरचे होते ते मोक्याच्या जागांवर होते, मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना हा त्यातला एक. बाहेरून आणायचाच असेल तर कण्यातला माणूस आणा. मुंबईहून विंगर आणणं ही चैन आहे.

याची दुसरी बाजूही बघा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा इंडियन ॲरोज हा संघ जवळपास पूर्णपणे कोवळ्या मुलांचा होता. खेळाडू घडवणं हाच त्याचा उद्देश होता आणि तो साधलाही, पण गुणतक्त्यात तो बहुतेक मोसमांत तळाच्या बाजूलाच राहिला. तुमच्या क्लबाला पाठीशी महासंघ नाही. सतत हरणाऱ्या पोरांना टिकवून धरणं फार कठीण असतं. म्हणून वयाची मिसळ: २४ ते ३२ वयाचे ६ जण, १९ ते २३ चे १०, आणि १६ ते १८ चे ८. वरचे सहा जण शक्यतो कण्यात. खालच्या आठांना वर्षभरात प्रत्येकी निदान सहाशे मिनिटं खेळ मिळेल असं आधीच ठरवा आणि वहीत मोजा. न मोजलेली मिनिटं कधीच मिळत नाहीत.

खेळाडू कुठे शोधायचे

देवळाली कॅम्प आणि नाशिकरोडचा पट्टा फुटबॉलला जुना. लष्कर, रेल्वे आणि मिशनरी शाळा यांमुळे तिथे घरात फुटबॉल पाहिलेली मुलं सापडतात. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा इकडे टर्फवर, म्हणजे जाळीबंद कृत्रिम हिरवळीवर, वाढलेली पिढी आहे. त्यांचा पहिला टच उत्तम आणि पाय चपळ. पण जाळीच्या आत पाच-पाचच्या खेळात चेंडू बाहेर जात नाही, ऑफसाइड नसतो, हेडिंग जवळपास नसतं, तीस मीटरचा पास कधी मारावाच लागत नाही. असा मुलगा मोठ्या मैदानावर पहिले दोन महिने हरवल्यासारखा दिसतो. त्याला लगेच नापास करू नका. लांब पास आणि हवेतला चेंडू हे दोन विषय आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं दिलेत तर फरक दिसतो.

तिसरा साठा हरसूल, पेठ, सुरगाणा, कळवणकडचा. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं तेव्हापासून या डोंगराळ भागाकडे सगळे धावपटूंसाठी बघतात. फुटबॉलवाल्यांनीही बघावं, पण डोळे उघडे ठेवून. १७ वर्षांचा लांब पल्ल्याचा धावपटू आणून त्याला चेंडू शिकवायला बसलात तर पदरी फारसं काही पडणार नाही. चेंडूशी ओळख व्हायचं वय मागे गेलेलं असतं. १२-१३ वर्षांचा मुलगा मात्र तीन वर्षांत उत्तम फुलबॅक होतो. शहरातल्या आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत राहणारी मुलं मिळाली तर आधी गृहपालांना भेटा, परत येण्याची वेळ लेखी ठरवा, आणि सराव त्या वेळेच्या अर्धा तास आधी संपवा. रोज उशिरा पोचणाऱ्या मुलाचं वसतिगृह जातं, आणि वसतिगृह गेलं की शिक्षणही जातं.

गोलकीपर मात्र फुटबॉलबाहेर शोधा. व्हॉलीबॉल, हँडबॉल, क्रिकेटचा यष्टिरक्षक. उंची हवीच, पण त्याहून आधी चेंडूसमोर अंग टाकायची तयारी हवी. मुरुमावर कोणीही डाईव्ह मारत नाही आणि मारूही नये. गोलकीपरचा सराव आठवड्यातून दोनदा वाळूच्या खड्ड्यात किंवा हिरवळीवर घ्या, पूर्ण पँट आणि कोपर-गुडघ्याचे पॅड द्या. हे न केल्यामुळे आपल्याकडचे गोलकीपर उभ्या उभ्या पायाने चेंडू अडवायला शिकतात आणि ती सवय पुढे जात नाही.

ट्रायल

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ५० मुलं, दोन संघ पाडून अकरा-अकराचा सामना, वीस मिनिटं. एकेकाच्या पायाला चेंडू चार वेळा लागतो आणि निवड होते ती उंच, दाढी आलेल्या मुलांची.

एका सत्राला ४० पेक्षा जास्त मुलं बोलावू नका. प्रत्येकाला क्रमांकाची बिब द्या, नावं नकोत, म्हणजे ओळखीचं आडनाव मध्ये येणार नाही. पहिली २० मिनिटं १० बाय १० मीटरच्या चौकटीत चार विरुद्ध दोन. नंतर ३० बाय २० मीटरच्या मैदानावर चार-चारचे सामने, ६ मिनिटांचा एक, प्रत्येक सामन्यानंतर जोड्या बदलून पाच सामने. शेवटी आठ-आठचा एक मोठा सामना, त्यात प्रत्येकाला एकदा तरी त्याच्या नावडत्या जागेवर खेळवा.

दोन जण स्वतंत्र गुण देतील, १ ते ४. तीनचं किंवा पाचचं माप ठेवलंत तर सगळे मधला आकडा टाकतात. चार गोष्टी पाहा: चेंडू येण्याआधी मान वळवून मागे बघतो का, चेंडू गेल्यावर पुढच्या पाच सेकंदांत काय करतो, दुसरा पाय वापरतो का, आणि साथीदार चुकल्यावर हात झटकतो का. वेग मोजायचा तर २० मीटर, घड्याळ लावून, दोनदा. शंभर मीटर पळवून फुटबॉलबद्दल काही कळत नाही.

गुणांशेजारी जन्ममहिना आणि उंची लिहा. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो, त्यामुळे जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो. चौदाव्या वर्षी हा फरक दांडगा दिसतो, विसाव्या वर्षी उरत नाही. निवडलेले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतले निघाले तर यादी परत बघा.

मग चाळीस जणांना दोन आठवडे, सहा सरावांना बोलवा. सहापैकी किती आले, हाच शेवटचा गुण. चार सरावांनाही न येणारा मुलगा कितीही चांगला असो, त्याला राखीव यादीत टाका.

कागदपत्रं

संस्था नोंदवायला किमान सात सदस्य लागतात. सोसायटी म्हणून नोंदणी आणि धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंद, हा नेहमीचा रस्ता. मग जिल्हा संघटनेची संलग्नता. महाराष्ट्रासाठी वरची संस्था म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तिच्या वर अखिल भारतीय महासंघ. खेळाडूंची नोंद महासंघाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रणालीत होते, आणि एक खेळाडू एका वेळी एकाच क्लबाचा असतो. जुन्या क्लबाकडे नाव अडकलेलं असेल तर आधी ते सोडवून घ्या, मगच सराव द्या. महिनाभर घडवलेला स्ट्रायकर पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी अपात्र ठरणं हा प्रकार दर हंगामात कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येतोच.

जन्मदाखला मूळ बघा. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख जुळवा. वय चोरल्याचा संशय आला तर वरच्या वयोगट स्पर्धांत मनगटाच्या एक्सरेवरून हाडाचं वय काढतात. तिथे पकडला गेला तर तो मुलगा आणि क्लब दोघेही गोत्यात येतात. १८ वर्षांखालच्या प्रत्येकाच्या पालकांची लेखी संमती, रक्तगट, आणि अडीअडचणीला दोन फोन नंबर. प्रवासाला एकटा प्रौढ आणि एकटं मूल असं कधीच पाठवायचं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा प्रत्येक प्रशिक्षकाला समजावून सांगा.

पैसा

पहिल्या वर्षी कोणालाही मानधन न देता सगळ्यांचा बसभाडं आणि खाण्याचा खर्च सारखा द्या. एका स्टारला सामन्यामागे पाकीट दिलंत तर आठवड्यात सगळ्या संघाला कळतं. पाकीट गुप्त ठेवायचा प्रयत्न केलात तर त्याच दिवशी कळतं. पुढे करार करायची वेळ आली तर लेखीच करा. १८ वर्षांखालच्या खेळाडूशी फिफाच्या नियमांत तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करार चालत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखानदारांकडे प्रायोजकत्व मागायला जाताना रोख रकमेपेक्षा ठरावीक गोष्ट मागा: १२ चेंडू, दोन रंगांच्या जर्सी, फिजिओची महिन्याची फी, किंवा त्यांच्या कामगारांतल्या तीन खेळाडूंना सामन्याच्या दिवशी फर्स्ट शिफ्ट. शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची.

खरेदीत चेंडू आधी. दोघांत एक, आकार ५; बारा वर्षांखालच्यांना आकार ४. मुरुमावर हवा थोडी कमी ठेवा, कडक भरलेला चेंडू उसळत राहतो आणि पोरं टच शिकत नाहीत. बूट कठीण जमिनीचे, बुटक्या आणि जास्त स्टडचे. मऊ हिरवळीचे सहा उंच स्टड इथे टाच दुखवतात.

आठवडा

चार सराव, ७५ ते ९० मिनिटांचे. प्रत्येक सरावाआधी फिफा ११+ हा २० मिनिटांचा वॉर्मअप: धावणं, ताकद आणि तोल, उड्या, पुन्हा धावणं. साहित्य लागत नाही. पोरांना कंटाळवाणा वाटतो म्हणून प्रशिक्षक सोडून देतात आणि महिन्याभरात मांडीचे स्नायू ताणल्याच्या तक्रारी सुरू होतात. डोक्याला मार बसून गरगरलं, आठवेनासं झालं, तर त्या दिवशी खेळ बंद, तो कितीही म्हणाला तरी. सरावानंतर केळं, उकडलेलं अंडं किंवा शेंगदाण्याचा लाडू मैदानावरच द्या. सकाळी काही न खाता आलेल्या मुलाला नाष्टा विचारू नका, आणून द्या.

प्रशिक्षक निदान डी लायसन्सचा, म्हणजे महासंघाचा प्राथमिक पातळीचा परवाना असलेला, असावा. तोच व्यवस्थापक आणि तोच वाहनचालक असेल तर हंगामाच्या मध्यावर तो आजारी पडतो आणि क्लब थांबतो. हजेरी आणि कागदपत्रं सांभाळायला दुसरा माणूस हवा, तो फुटबॉल न खेळलेला असला तरी चालतो.

हंगाम संपताना

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक खेळाडूशी समोर बसून बोला: ठेवणार, राखीव, की सोडणार. सोडणार असाल तर तेव्हाच सांगा आणि नाव मोकळं करा, म्हणजे त्याला दुसरीकडे जागा मिळते. २४ पैकी ६-७ जण दरवर्षी बदलतील असं धरून चला. दहाच्या वर गेलात तर कणा पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो.

राहणाऱ्यांची नोंदणी लगेच पुढे चालू ठेवा, आणि विशेषतः लहानांची. खेळाडू पुढे व्यावसायिक होऊन करार चालू असताना परदेशी क्लबात बदलीची रक्कम घेऊन गेला तर त्या रकमेच्या ५ टक्के त्याला १२ ते २३ व्या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ च्या प्रत्येक वर्षाला एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ च्या प्रत्येक वर्षाला ०.५ टक्के. मुलगा १४ ते १७ अशी चार वर्षं तुमच्याकडे असेल आणि बदली १ कोटीची झाली, तर तुमचा वाटा दीड लाख रुपये. लहान क्लबाचा वर्षभराचा चेंडू-जर्सीचा खर्च त्यातून निघू शकतो. पण ही वर्षं मोजली जातात ती नोंदणीच्या तारखांवरून, सरावाच्या हजेरीवहीवरून नाही. म्हणून बारा वर्षांच्या मुलाचीही नोंदणी हंगामाच्या सुरुवातीला करा, तो मोठ्या संघात यायची वाट बघू नका.